छोट्या जेट इंजिनाच्या कम्बस्टरमधे लेझर लावून नक्की काय कळतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीतल्या फायनल इयर मेकॅनिकलच्या चौघा पोरांनी ट्रकचा जुना टर्बोचार्जर घेऊन छोटं जेट इंजिन केलंय. कम्बस्टर, म्हणजे इंधन जळतं तो डबा, स्वतः पत्र्याचा बनवलाय, आतलं लायनर, म्हणजे जाळ धरणारी भोकांची नळी, साधारण १ लिटरचं, इंधन रॉकेल, प्रेशर नॉझलमधून फवारा. इंजिन चालतं, पण एक्झॉस्टमधून मधेच पिवळा जाळ बाहेर येतो आणि लायनर एकाच बाजूला लालबुंद होतं. आता त्यांना प्रोजेक्ट प्रपोजलमधे लेझर डायग्नोस्टिक्स टाकायचंय, पीएलआयएफ, पीआयव्ही, कार्स अशी सगळी नावं एका ओळीत लिहिलीत आणि विचारतायत की यातलं कुठलं घ्यावं, आणि हातात असलेला हिरवा लेझर पॉइंटर आणि मोबाईलचा स्लो-मो यावर काही जमेल का.

मी बेंगळुरूला बरीच वर्षं कम्बशन रिगवर लेझरचंच काम केलं, आता साताऱ्यात असतो, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे टेक्निकची नावं खोडा. आधी तुमच्या कम्बस्टरला काय विचारायचंय ते ठरवा, कारण प्रत्येक लेझर फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर देतो आणि तेही आडून देतो. आणि तुमचा प्रश्न काय आहे हे कळायला लेझर लागत नाही, कॅल्क्युलेटर लागतो. समजा हवा सेकंदाला ०.२ किलो, आतलं प्रेशर २ बार, सरासरी तापमान १५०० केल्विन धरा. त्या तापमानाला हवेची घनता घनमीटरला अर्धा किलोच्या आत येते, आणि १ लिटरच्या लायनरमधे तिला थांबायला मिळतात २ मिलिसेकंदांपेक्षा थोडे जास्त. बास. एवढ्यात रॉकेलच्या थेंबानं वाफ व्हायचं, हवेत मिसळायचं आणि जळून संपायचं. आता जळणाऱ्या थेंबाचा हिशोब असा की लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, रॉकेलला ढोबळमानानं सेकंदाला १ वर्ग मिलिमीटर धरतात. म्हणजे २० मायक्रॉनचा थेंब ०.४ मिलिसेकंदात गायब, ५० मायक्रॉनचा अडीच मिलिसेकंद घेतो आणि १०० मायक्रॉनचा १० मिलिसेकंद. हा १०० वाला तुमच्या लायनरमधे संपणारच नाही, तो टर्बाइनमधून जळत जळत बाहेर येणार, आणि तोच तुमचा पिवळा जाळ असणार असं मला वाटतं. कॉम्पॅक्ट कम्बस्टरची सगळी रड हीच आहे, जागा कमी केली की वेळ कमी होतो पण थेंबाला आणि केमिस्ट्रीला ते कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न फवाऱ्याचा आहे, फ्लेमचा नाहीच. आणि फवाऱ्याचं अर्धं काम तुमच्या पॉइंटरवर होतं!

लॅबमधली काचेची ढवळायची कांडी घ्या आणि पॉइंटरचा बीम तिच्यावर आडवा पाडा, बीम पसरून पातळ पडदा तयार होतो, याला आम्ही शीट म्हणतो. नॉझल काढून स्टँडवर लावा, त्यातून पाणी सोडा. रॉकेल नाही, पाणीच, बंद खोलीत रॉकेलचं धुकं करून त्यात काही पेटलं तर प्रोजेक्ट राहील बाजूला. शीट फवाऱ्याला आडवी कापेल अशी लावा, अंधार करा, मोबाईल वरून तिरका धरून फोटो काढा. फवाऱ्याचा छेद कडं घातल्यासारखा दिसायला पाहिजे, एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ असेल तर लायनर एकाच बाजूला का तापतं याचा एक संशयित मिळाला. पण थांबा, लेझर ज्या बाजूनं आत शिरतो ती बाजू नेहमीच जास्त उजळ दिसते, कारण पलीकडं पोचेपर्यंत थेंबांनी प्रकाश खाल्लेला असतो. म्हणून नॉझल ९० अंशात फिरवून परत फोटो काढा. दाट भाग नॉझलबरोबर फिरला तर दोष नॉझलचा, जागेवरच राहिला तर तो लेझरचा खेळ. ही फिरवाफिरवी न करता छापलेले फोटो मी भारी भारी ठिकाणी बघितलेत.

पाण्यावरून थेंबाचा साइझ मात्र काढू नका, पाण्याचा पृष्ठताण रॉकेलच्या अडीच पटींहून जास्त असतो त्यामुळं थेंब मोठे पडतात, फक्त आकार आणि सिमेट्री बघा. खरा साइझ हवा असेल तर फेज डॉपलर नावाचं मशिन लागतं, त्यात दोन बीम एका बिंदूत छेदतात, तिथून जाणाऱ्या प्रत्येक थेंबाचा वेग आणि व्यास दोन्ही मिळतो. तुमच्या प्रपोजलमधे हे नावच नाहीये आणि माझ्या मते सगळ्यात आधी तेच पाहिजे होतं. (तुमच्याकडं मॉडेल जेटवाल्यांसारख्या व्हेपोरायझर नळ्या असत्या तर हा सगळा परिच्छेद बाद होता, तिथं इंधन गरम नळीतच वाफ होतं, थंड फवारा बघून काही कळत नाही.)

आता पॉइंटरबद्दल एक गोष्ट नीट वाचा. स्वस्तातले हिरवे पॉइंटर आतून ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरच्या इन्फ्रारेडवर चालतात, आणि आत आयआर फिल्टर नसला तर ते न दिसणारं इन्फ्रारेडही हिरव्याबरोबर बाहेर येतं. डोळा पटकन मिटतो तो दिसणाऱ्या प्रकाशाला, इन्फ्रारेडला नाही. ५ मिलिवॉट लिहिलेला पॉइंटर प्रत्यक्षात कितीतरी जास्त सोडत असू शकतो. लेझर डोळ्याच्या उंचीवर ठेवू नका, घड्याळं अंगठ्या काढा, बीमच्या शेवटी काळा पत्रा किंवा वीट ठेवा, आणि गॉगल घ्यायचा तो त्या वेव्हलेंग्थसाठीचा लिहिलेला, जत्रेतला काळा गॉगल नाही.

आता पीएलआयएफ, म्हणजे लेझरच्या शीटनं चेतवलेला फ्लोरेसन्स, ज्याच्यासाठी एवढा अट्टाहास चाललाय. सांगलीत राहता म्हणून सोपं करून सांगतो, चिमूटभर हळद स्पिरिटमधे ढवळा, गाळून काचेच्या ग्लासात घ्या, अंधारात नोटा तपासायची यूव्ही टॉर्च मारा. हिरवट पिवळा उजेड येईल. टॉर्चचा रंग वेगळा, परत येणारा रंग वेगळा, म्हणजे फिल्टर लावून टॉर्चचा प्रकाश अडवता येतो आणि उरतो तो फक्त हळदीचा. फ्लोरेसन्स म्हणजे एवढंच. आता हळद चमचाभर टाकून बघा, टॉर्चच्या बाजूची कड झगमगेल आणि मागं अंधार, कारण पुढच्या हळदीनंच सगळा प्रकाश गिळला. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

कम्बस्टरमधे हळदीच्या जागी ओएच रॅडिकल (ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा एकेक अणू असलेला अर्धवट रेणू) असतो, तो फ्लेममधे आपोआप तयार होतो, वेगळं काही घालावं लागत नाही. त्याला चेतवायला २८३ नॅनोमीटरच्या आसपासचा यूव्ही लागतो आणि तो साधारण ३०८ च्या आसपास उजळतो. हा २८३ थेट मिळत नाही, एनडी-याग लेझरच्या १०६४ ची फ्रिक्वेन्सी दुप्पट करून ५३२, त्यानं रोडामाइन या रंगद्रव्याच्या डाय लेझरला पंप करून ५६६, त्याची फ्रिक्वेन्सी परत क्रिस्टलमधून दुप्पट करून २८३, अशी वरात काढावी लागते, आणि टेबलावर कोणी हात टेकला की अलाइनमेंट गेली. पल्स असते ८-१० नॅनोसेकंदांची. एवढ्या वेळात सेकंदाला १०० मीटरनं जाणारा वायू फार तर १ मायक्रॉन सरकतो, म्हणजे फ्लेम पूर्ण गोठलेली दिसते. समोर इंटेन्सिफायर (अंधुक उजेड वाढवणारा भाग) असलेला कॅमेरा, त्याचा गेट, म्हणजे उघडा राहायचा वेळ, १०० नॅनोसेकंद किंवा कमी, त्यामुळं फ्लेमचा स्वतःचा उजेड जवळपास येतच नाही. साधी लेन्स चालत नाही, ती ३१० ला आंधळी असते, क्वार्ट्झची यूव्ही लेन्स लागते. सगळा सेटअप कोटीच्या घरात जातो, कॉलेजनं विकत घ्यायचा विचारच करू नका.

आणि एवढं करून दिसतं काय? ओएच दिसतो. फ्लेम नाही! ओएच जळून गेलेल्या गरम वायूतसुद्धा बराच वेळ रेंगाळतो, त्यामुळं चित्रात जो मोठा पांढरा ढग दिसतो तो जळालेला भाग आहे, खरी फ्लेम त्या ढगाच्या कडेला, जिथं काळ्यातून पांढऱ्यात एकदम उडी बसते तिथं. ढग उजळ म्हणजे तिथं जोरात जळतंय असा निष्कर्ष काढलेले रिपोर्ट ढिगानं आहेत. शिवाय उजेड म्हणजे थेट प्रमाणही नाही, कारण चेतलेला ओएच आजूबाजूच्या पाण्याच्या, कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंना धडकून न उजळताच विझतो, आणि ही धडकाधडकी प्रेशर, तापमान, मिश्रण यानुसार बदलते. प्रेशर वाढलं की अजून वाईट, धडका वाढतात, शोषणाची रेषा (ओएच जी नेमकी वेव्हलेंग्थ गिळतो ती) रुंदावते आणि तो हळदीचा चमचाभर वाला प्रकार सुरू होतो, एका बाजूला चित्र छान आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

रॉकेलमधे तर आणखी एक पाचर आहे. जेट ए-१ मधे आकारमानानं २५ टक्क्यांपर्यंत ॲरोमॅटिक्स (बेंझिनसारखी कड्याची संयुगं) चालतात, साध्या रॉकेलमधेही असतातच, आणि ही मंडळी २८३ ला मस्त उजळतात, नेमकी ओएचच्या पट्ट्यावर पसरून. म्हणजे नॉझलजवळ जे झगझगीत दिसतं ते ओएच नसून न जळालेलं रॉकेल असू शकतं, म्हणजे नेमकं उलटं! यावर उपाय सोपा आहे पण लोक कंटाळा करतात. डाय लेझर ओएचच्या रेषेवरून जरासा बाजूला सरकवायचा, नॅनोमीटरचा अगदी छोटा अंश पुरतो. ओएच लगेच नाहीसा होतो, रॉकेल आणि थेंब तसेच दिसत राहतात कारण त्यांना रेषेचं सोयरसुतक नसतं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की कुठला उजेड कोणाचा ते कळतं. रेषेबाहेरचं चित्र नसेल तर रॉकेलच्या ओएच पीएलआयएफवर मी तरी विश्वास ठेवत नाही. फॉर्मल्डिहाइड ३५५ ला चेतवून त्याचं चित्र ओएचच्या चित्राशी गुणलं की उष्णता कुठं सुटते त्याचा अंदाज येतो, गॅसवर हे सुंदर चालतं, रॉकेलवर काजळीची पूर्वज मंडळी त्याच ३५५ ला उजळून घोळ करतात.

पीआयव्हीकडं येऊ. हवेत बारीक कण सोडायचे, दोन पल्स पाठोपाठ मारायच्या, कण किती सरकले त्यावरून वेग. फ्लेममधे तेलाचे कण जळून जातात म्हणून टायटेनियम डायऑक्साइड किंवा ॲल्युमिना, मायक्रॉनच्या आसपास, आणि पूड आधी ओव्हनमधे सुकवून घ्यायची नाहीतर गोळे होतात. वेग २० मीटर, दोन पल्समधे १० मायक्रोसेकंद, तर कण ०.२ मिलिमीटर सरकतो, हे हिशोबात बसतं. पण स्वर्ल, म्हणजे हवेची गोल फिरकी, जोरात असेल तर कण शीटमधून आडवे निसटतात, १ मिलिमीटर जाडीच्या शीटमधून पाव मिलिमीटरपेक्षा जास्त आडवे गेले की जोडी जुळत नाही. आणखी एक, जे नवीन माणसाला रडवतं: पीआयव्ही कॅमेऱ्याची पहिली फ्रेम बारीक असते पण दुसरी फ्रेम पहिली वाचून होईपर्यंत उघडीच राहते, मिलिसेकंदांच्या हिशोबात. तेवढ्या वेळात पिवळी फ्लेम दुसरी फ्रेम पांढरीफटक करते. ५३२ चा अरुंद फिल्टर तर लागतोच, काजळी जास्त असेल तर पुढं वेगळा शटर पण. आणि द्रव इंधनाचे थेंब कणांच्या कितीतरी पट चमकतात, मग तुम्ही हवेचा वेग मोजताय का थेंबांचा हेच कळत नाही. माझं मत विचाराल तर तुम्ही पीआयव्ही थंड हवेवरच करा, इंधन बंद ठेवून, लायनरच्या भोकांतून जेट नीट आत घुसतायत का, नॉझलसमोर उलटा फिरणारा प्रवाह तयार होतोय का, एवढं समजलं तरी भरपूर.

काजळीसाठी एलआयआय, १०६४ ची पल्स मारून काजळीचे कण ४००० केल्विनच्या आसपास तापवायचे आणि त्यांचा झगमगाट मोजायचा. तुमच्याकडं काजळी भरपूर दिसतेय पण कारण फवारा असेल तर काजळी मोजून काय करणार.

तापमानाला दोन रस्ते. कार्स म्हणजे नायट्रोजनवर ५३२ आणि ६०७ चे बीम एका बिंदूत गाठायचे, ४७३ चा निळा सिग्नल निघतो, त्याच्या आकारावरून तापमान. काजळीतही टिकतो, अचूकही आहे, पण एका वेळी एकच बिंदू. रामन परिणाम १९२८ ला कोलकात्यात सापडला त्याचाच हा खानदानी भाऊ. दुसरा रस्ता टीडीएलएएस, टेलिकॉमवाल्या डायोड लेझरनं १.४ मायक्रॉनच्या आसपास पाण्याच्या वाफेच्या दोन रेषा बघायच्या आणि त्यांच्या गुणोत्तरावरून तापमान काढायचं. हा त्यातल्या त्यात परवडणारा, फायबरनं जोडता येतो, छोटी खिडकी पुरते, पण संपूर्ण वाटेची सरासरी देतो. आणि हवेतल्या ओलाव्यालाही पाणीच म्हणतात! लेझरपासून खिडकीपर्यंतच्या हवेतली वाफसुद्धा मोजली जाते, म्हणून ती वाट कोरड्या नायट्रोजननं धुवत ठेवावी लागते. जुलैत साताऱ्यात हा प्रयोग नायट्रोजनशिवाय केला तर कम्बस्टरऐवजी पावसाळाच मोजाल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कॅटलॉगमधे लिहीत नाहीत. छोट्या कम्बस्टरला खिडकी पाडली की तो तुमचा कम्बस्टर राहत नाही. तुमच्या लायनरला भोकं आहेत, भिंतीलगत थंड हवेचा थर आहे. त्याजागी क्वार्ट्झची नळी लावली की भोकं गेली, थर गेला, भिंतीचं तापमान बदललं, आणि छोट्या कम्बस्टरमधे आकारमानाच्या मानानं भिंत खूप जास्त असते, म्हणजे जे बदललं तेच तर निर्णायक होतं. खिडकी काजळू नये म्हणून त्यावर हवा मारता तेव्हा फ्लेमलाही ढकलता. साधी काच यूव्हीला चालत नाही, क्वार्ट्झच लागतं, आणि शीट जिथून शिरते तिच्या समोर बाहेर पडायलाही वाट लागते, नाहीतर समोरच्या पत्र्यावर आपटून सगळीकडं प्रकाश पसरतो. म्हणून मोठ्या लॅबमधे सहसा इंजिनाचाच कम्बस्टर कापत बसत नाहीत, चौकोनी किंवा एकाच नॉझलचा मॉडेल कम्बस्टर करतात. जर्मनीत श्टुटगार्टच्या डीएलआरमधला (जर्मन एरोस्पेस सेंटर) ड्युअल स्वर्लवाला गॅस बर्नर घ्या, त्यावर पीआयव्ही, रामन, पीएलआयएफ सगळं झालंय आणि जगभरचे सिम्युलेशनवाले त्याच्याशी आकडे ताडून बघतात, कारण सीमा सगळ्या माहीत आहेत.

अमेरिकेत राइट-पॅटरसनला हवाई दलाच्या लॅबनं ट्रॅप्ड व्होर्टेक्स आणि नंतर अल्ट्रा कॉम्पॅक्ट कम्बस्टरवर काम केलं, त्यात हवा एका कड्यासारख्या खाचेत गोल फिरवतात, जड थंड मिश्रण बाहेर फेकलं जातं आणि हलका गरम वायू आत सरकतो, त्यामुळं फ्लेम भराभर पसरते. मागं १९७३ च्या सुमारास लुईस नावाच्या माणसानं फिरत्या नळीत फ्लेम पेटवून हा वेग वाढताना दाखवला होता. कल्पना झकास आहे पण अशा कड्यात शीट घुसवायची कुठून, हाच पहिला प्रश्न. तुमच्या प्रपोजलच्या प्रस्तावनेत हे टाका, पुढच्या भागात नको.

मोबाईलचं सांगायचं राहिलं. २४० फ्रेमचा स्लो-मो म्हणजे ४ मिलिसेकंदांना एक चित्र, तुमचा वायू तोवर आत येऊन बाहेर गेलेला असतो. १० हर्ट्झच्या लेझरचंही तेच, प्रत्येक चित्र वेगळ्याच फ्लेमचं असतं, म्हणून एक सुंदर चित्र निवडायचं नसतं, काहीशे चित्रं घेऊन सरासरी आणि चढउतार काढायचे असतात. मोबाईलचा उपयोग सुरू होताना, विझताना काय होतं ते बघायला होतो, आणि एक्झॉस्टमधला जाळ ठरावीक कोपऱ्यातूनच येतो का ते बघायला. व्हिडिओतला निळा चॅनेल म्हणजे फ्लेममधल्या सीएच रॅडिकलचा ४३१ चा उजेड असं धरू नका, काजळीचा पिवळा उजेड निळ्यातही शिरतो. आणि व्हिडिओ काढताना टर्बाइनच्या चाकाच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, चाक फुटलं तर तुकडे त्याच पातळीत उडतात.

मग प्रपोजलमधे काय लिहायचं? पाण्याच्या फवाऱ्याचं शीट इमेजिंग तुमच्याकडं, थेंबाच्या साइझसाठी फेज डॉपलर बाहेर, थंड पीआयव्ही बाहेर, आणि शेवटी जमलं तर ओएच पीएलआयएफ. बाहेर म्हणजे आयआयटी मद्रासचं एनसीसीआरडी (कम्बशन संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र), बेंगळुरूचं आयआयएससी अशा ठिकाणी तुमच्या सरांच्या नावानं पत्र पाठवून. तिथले लोक मदत करतात पण विचारतात ते फ्लोचे आकडे, प्रेशर, खिडकीचं ड्रॉइंग. हे तिन्ही सोबत नसेल तर मेल पडून राहतो.

पीएलआयएफची वेळ मिळाली तर पहिला दिवस रॉकेलवर घालवू नका, इथेनॉल न्या. ॲरोमॅटिक्स नाहीत, काजळी नगण्य, ओएच स्वच्छ दिसतो, खिडक्याही साफ राहतात, आणि आपल्या भागात डिस्टिलरी असलेले साखर कारखाने कमी नाहीत, फक्त एक्साइजच्या परवानगीचं आधी बघा. किलोला साधारण २७ मेगाज्यूल, रॉकेलचे ४३, म्हणजे तेवढ्याच उष्णतेला दीडपटीहून जास्त इंधन लागतं, तेव्हा नॉझल मोठा घ्यावा लागेल, आणि नॉझल बदलला की तो पाण्यावर ९० अंश फिरवून बघितल्याशिवाय नेऊ नका.